काळाचे नियम विसरल्यावर

स्थलांतरित बायकांना नोकरी मिळावी म्हणून भाषा शिकवायची, हे म्हणणे वरवर निरुपद्रवी वाटते. पण अशा वर्गांतली इंग्रजीची पुस्तके तपासून एल्सा ऑरबाख आणि डेनिस बर्जेस यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की त्यांतून भाषेबरोबर आज्ञाधारकपणाही शिकवला जातो. पाउलो फ्रेरे यांच्या विचारातून आलेली सहभागी पद्धत याच्या उलट चालते. तिथे शिकणाऱ्यांच्या अडचणी हाच धडा असतो.

या पद्धतीचे बळ आणि मर्यादा दोन्ही पाहायच्या, तर बॉनी नॉर्टन यांचे 'आयडेंटिटी अँड लँग्वेज लर्निंग' (२०००) वाचावे. कॅनडात आलेल्या पाच स्त्रियांच्या डायऱ्या आणि मुलाखती हा त्याचा आधार. त्यांतली मार्टिना (नाव बदललेले) पूर्वीच्या चेकोस्लोव्हाकियातली पदवीधर सर्व्हेअर. कॅनडात तिच्या वाट्याला फास्ट फूडच्या दुकानातले काम आले. तिला फोनवर बोलायची धास्ती होती. पण घरमालक वर्षभराचे भाडे मागू लागला, तेव्हा ती तासाभराहून अधिक वेळ त्याच्याशी भांडली. मुले ऐकत होती, आणि काळाचे नियम तिला आठवलेही नाहीत. भाषा येण्याआधी बोलण्याचा हक्क वाटावा लागतो, हे नॉर्टन यांचे प्रतिपादन या प्रसंगात पुरते पटते.

कॅटरिना (हेही बदललेले नाव) मायदेशी शिक्षिका होती. तुझे इंग्रजी संगणकाच्या अभ्यासक्रमाइतके चांगले नाही, असे वर्गातल्या बाईंनी सांगताच तिने तो वर्गच सोडला. तिला 'प्रेरणा' नव्हती, असे कोण म्हणेल?

माझा आक्षेप इथून पुढे आहे. कुणाशी, कधी, कसे बोलायला मिळाले, याची शिकणाऱ्यांनी स्वतः नोंद करावी आणि वर्गात सर्वांनी मिळून तिचा अर्थ लावावा, असे नॉर्टन सुचवतात. सूचना चांगलीच आहे. पण नोंद ठेवायची बाईने, धीर धरायचा बाईने, आणि तिची पदवी न मानणाऱ्या मालकाला मात्र कसलाच गृहपाठ नाही! बेकारीचे मूळ भाषेत कमी आणि पदव्यांच्या मान्यतेत अधिक असेल, तर उत्तम वर्गही बेकारीचे खापर नकळत शिकणारीवरच फोडतो.

म्हणून सहभागी वर्गाची परीक्षा बायका किती बोलू लागल्या एवढ्यावर संपू नये. त्यांनी विचारलेला प्रश्न वर्गाबाहेर कुणाला ऐकावा लागला, हेही पाहायला हवे.