'लेसर' परवान्यातील 'संयुक्त कृती' : एक परीक्षण

जून १९९१ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने 'ग्नू लायब्ररी जनरल पब्लिक लायसन्स' ह्या नावाचा परवाना प्रसिद्ध केला. त्याचा पहिलाच पाठ दुसऱ्या क्रमांकाचा होता. त्याच महिन्यात निघालेल्या जनरल पब्लिक लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीशी त्याची जोडी जमावी, एवढेच ह्याचे कारण. फेब्रुवारी १९९९ मध्ये २.१ हा पाठ निघाला व 'लायब्ररी'च्या जागी 'लेसर' हा शब्द आला. हे नामांतर निर्हेतुक नव्हते. सर्वच लायब्रऱ्यांनी हा सौम्य परवाना पत्करावा असे रिचर्ड स्टॉलमन ह्यांना वाटत नव्हते, आणि जुन्या नावाने तसा समज होत असे. ह्या परवान्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा अशा धोरणाविषयीच असते. आम्हांस येथे त्याचा पाठ, पाठ म्हणूनच, तपासावयाचा आहे. कारण दुसऱ्याची लायब्ररी आपल्या प्रोग्रॅमला जोडणाऱ्याचा स्वतःच्या लेखनावरील हक्क ह्या पाठातील दोन-तीन वाक्यांवर लोंबकळत असतो.

जोडणीचे प्रकार दोन. स्थिर जोडणीत लायब्ररीचा लागेल तेवढा भाग तयार प्रोग्रॅममध्ये प्रत्यक्ष उतरविला जातो. कात्यायनाची वार्तिके आज आपणांस मुख्यत्वे पतंजलीच्या महाभाष्यात गुंफलेली सापडतात, तसाच हा प्रकार. सामायिक लायब्ररीचा मार्ग वेगळा आहे. तेथे प्रोग्रॅममध्ये केवळ नावे राहतात, आणि प्रोग्रॅम चालू होतेवेळी ती नावे संगणकावर आधीच असलेल्या लायब्ररीशी जुळविली जातात. संस्कृत टीकाकार मूळ श्लोक सबंध न देता त्याचे 'प्रतीक' तेवढे देतो आणि मूळ पोथी वाचकाजवळ आहे असे गृहीत धरतो, त्यासारखे हे आहे.

आता २.१ ची प्रस्तावना पाहावी. तीत असे सांगितले आहे की, जोडणी स्थिर असो वा सामायिक, प्रोग्रॅम आणि लायब्ररी मिळून होणारी कृती कायद्याच्या दृष्टीने संयुक्त व मूळ लायब्ररीपासून निष्पन्न झालेली असते. पुढे पाचव्या कलमात हाच निष्कर्ष येतो, पण कारणासहित : जोडलेला प्रोग्रॅम निष्पन्न कृती ठरतो तो त्यात लायब्ररीचे अंश असतात म्हणून. हे कारण स्थिर जोडणीस लागू पडते. सामायिक जोडणीत अंशच उतरत नाहीत. उतरतात ती प्रतीके. म्हणजे प्रस्तावनेत जे निःशंकपणे प्रतिपादिले, त्याचा आधार कलमाने नकळत काढून घेतला आहे. आमच्या मते हा ह्या पाठातील मुख्य दोष होय, आणि तो शाब्दिक नव्हे. केवळ प्रतीक दिल्याने टीका मूळ ग्रंथाची अंकित होते काय, हाच तर वादाचा विषय आहे.

हा वाद काल्पनिक नाही. रीडलाइन ही लायब्ररी 'लेसर' नव्हे, तर पूर्ण जनरल पब्लिक लायसन्सखाली आहे. तिचा वापर करणाऱ्या क्लिस्प ह्या लिस्प भाषेच्या प्रणालीच्या कर्त्यांशी १९९२ मध्ये स्टॉलमन ह्यांचा पत्रव्यवहार झाला. दोन भाग वेगवेगळे पोहोचविले म्हणून भागत नाही, असा स्टॉलमन ह्यांचा पक्ष होता. अखेर क्लिस्पच त्या परवान्याखाली आली. एका कर्त्याच्या साऱ्या लेखनाचे भवितव्य अशा रीतीने न्यायालयाच्या निर्णयावाचून, पत्रांतील युक्तिवादावर ठरले.

पाचव्या कलमाची आणखी एक कबुली लक्षणीय आहे. लायब्ररीच्या शीर्ष-फायलींतील मजकूर प्रोग्रॅममध्ये आला तर तो निष्पन्न कृती केव्हा ठरतो, ह्याची सीमा कायद्याने नेमकी आखलेली नाही, असे परवाना स्वतःच म्हणतो. आणि लगेच दहा ओळींपर्यंतच्या छोट्या फंक्शनांना मोकळीक देतो. कायद्याने जी रेषा आखली नाही ती परवान्याने ओळी मोजून आखली! सी भाषेच्या चौकटीत हे निभावते. सी++ मधील टेम्प्लेटांचा सबंध मजकूरच शीर्ष-फायलीत असतो. तेथे दहा ओळी कोठल्या कोठे उडून जातात. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत टेम्प्लेटांचा नामनिर्देश आला, पण मर्यादा दहाचीच राहिली. जीसीसीच्या सी++ लायब्ररीने हा मार्गच टाळला आहे. ती पूर्ण परवाना आणि त्याला जोडलेला स्वतंत्र अपवाद ह्यांखाली वितरित होते.

एवढे असूनही सहावे कलम वाचताना आमचे मत बदलते. तेथे व्याख्येचा हट्ट नाही. ग्राहकाला स्वतःच्या उपयोगासाठी प्रोग्रॅममध्ये फेरफार करता आला पाहिजे, आणि त्या फेरफारांतील दोष शोधण्यासाठी प्रोग्रॅमची उलट उकल करण्यास मनाई असू नये, असे ते सांगते. ह्याच कलमात १९९९ मध्ये सामायिक लायब्ररीची सोय नव्याने घातली गेली : प्रोग्रॅमने संगणकावरील आधीचीच प्रत वापरावी, आणि वापरणाऱ्याने बदललेली पण बाह्य रचनेने जुळणारी लायब्ररी बसविल्यास प्रोग्रॅम नीट चालावा. ही कसोटी कोणत्याही कारागिरास यंत्रापुढे बसून लावता येते. 'निष्पन्न' शब्दाचा कीस काढावा लागत नाही. पाचव्या कलमात जे तर्काने साधले नाही ते सहाव्यात अटीने साधले आहे. तिसऱ्या आवृत्तीने हेच ओळखले असावे. तीत 'निष्पन्न'चा दावा गळला असून, प्रोग्रॅम व लायब्ररी जोडून जी होते ती 'संयुक्त कृती', एवढीच साधी व्याख्या आहे, आणि सारा परवाना मूळ परवान्यास दिलेल्या जादा सवलतींच्या रूपाने मांडलेला आहे.

आपल्याकडील वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९५७ च्या भारतीय प्रतिलिपि-अधिकार कायद्यात संगणक-प्रोग्रॅम वाङ्मयकृतीत मोडतो. पण तेथे व्याख्या आहे ती 'रूपांतरा'ची, आणि तीत मूळ कृतीची पुनर्रचना वा फेरफार अभिप्रेत आहे. नुसत्या प्रतीकाने जोडलेला प्रोग्रॅम लायब्ररीची पुनर्रचना करतो असे म्हणणे आम्हांस कठीण वाटते. शिवाय स्वतंत्रपणे रचलेला प्रोग्रॅम इतरांशी जुळवून घेण्यास आवश्यक ती माहिती मिळविण्याची मुभा १९९९ च्या दुरुस्तीने दिलेली आहे. तेव्हा अमेरिकी कायद्याच्या परिभाषेत रचलेली ती प्रस्तावना येथे जशीच्या तशी प्रमाण मानण्यापूर्वी, आपल्या कायद्यातील शब्द समोर ठेवून ती वाचली पाहिजे.