दुधी घरातली पिवळी दांडी

गेटेरॉनचा मिल्की यलो स्विच तळहातावर घेतला की आधी दिसतो त्याचा साधेपणा. दुधी प्लास्टिकचं घर, वर डोकावणारी पिवळी दांडी, तिच्या टोकाला अधिकचं चिन्ह, खाली धातूचे बारीक पाय. एका नगाची किंमत साधारण वडापावाएवढी. माझ्या कीबोर्डला ८७ कळा आहेत, म्हणजे ८७ वडापाव. हा हिशेब मांडूनच मी तो घेतला. आता वर्षभर रोज रात्री त्याच्यावर लिहितोय, आणि इतक्या कमी पैशांत इतकी नेटकी रचना मी फार थोड्या वस्तूंत पाहिली आहे.

स्विच उघडून पाहायला हवा. वरच्या झाकणाचे चार खटके हलकेच उचकले की आत मोजून चार गोष्टी: झाकण, दांडी, स्प्रिंग आणि तळ. तळाच्या एका बाजूला धातूची पातळ पट्टी असते. दांडीला खाली दोन छोटे पाय आहेत, ते या पट्टीला दूर ढकलून धरतात. कळ दाबली की दांडी उतरते, पाय बाजूला होतात, पट्टी समोरच्या धातूला टेकते आणि अक्षर उमटतं. या दांडीच्या पायांचा उतार सरळ गुळगुळीत आहे, म्हणून बोट कुठेही अडखळत नाही. ब्राउन स्विचमध्ये याच उतारावर एक बारीकसा उंचवटा असतो. गुळगुळीत लिनिअर की उंचवट्याचा टॅक्टाइल, यावर माणसं तासन् तास बोलतात. तो सगळा फरक नखाच्या टोकावर मावेल एवढ्या त्या उंचवट्यात आहे!

हा साचा मूळचा जर्मनीच्या चेरी कंपनीचा, १९८०च्या दशकातला. पेटंटची मुदत संपली आणि चीनमधल्या गेटेरॉन, आउटेमू यांसारख्या कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच काढले. आपल्या खिशाला परवडणारा मेकॅनिकल कीबोर्ड आला तो त्यातून.

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका भोसरीत मोल्डिंगचं काम करतात. त्यांना मी ती पिवळी दांडी दाखवली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "डेल्रिन आहे रे. फ्लॅश कुठेच नाही. मोल्ड चांगला सांभाळलाय." फ्लॅश म्हणजे साच्याच्या फटीतून कडेला निघालेलं जादा प्लास्टिक. डेल्रिन म्हणजे पीओएम. गाड्यांमधल्या छोट्या गिअरना वापरतात तेच, स्वतःहून निसरडं असणारं प्लास्टिक. पिंपरी-चिंचवडमध्ये ज्याला त्याला ठाऊक असलेला हा माल माझ्या बोटाखाली आहे, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला. स्वस्त स्विच घेताना मी आता रंगाआधी हेच बघतो: दांडी घरात डुगडुगते का, घासल्यासारखी लागते का.

स्विचचे धातूचे पायही बघायला हवेत. माझ्या आधीच्या कीबोर्डचे सॉकेट फक्त बारीक पायांचे स्विच घेत. ते खोक्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि मागवलेले स्विच तसेच पडून राहिले. पैसे मोजून स्विच घ्यायचे असतील तर सॉकेटची चौकशी आधी करावी.

पण माझी निवड शेवटी ठरवली ती मराठीने. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीत स्वर-मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या. ख, घ, छ, झ, ठ, थ, ध, फ, भ ही सगळी उजवीकडे, आणि प्रत्येकासाठी शिफ्ट दाबून धरावी लागते, म्हणजे डावी करंगळी. आपला ळसुद्धा एनवर शिफ्टसह. 'पिंपळे गुरव' लिहून बघा. प, वेलांटी, अनुस्वार, प अशी बोटं सरसर जातात, मग ळला करंगळी खाली टेकून थांबते, आणि पुन्हा सगळं मोकळं. चेरीचा काळा स्विच साठ ग्रॅमच्या आसपास दाब मागतो. तासाभरात करंगळी कुरकुरते. लाल पंचेचाळीसचा, त्यावर नुसतं बोट विसावलं तरी अक्षर पडतं. पिवळा पन्नासचा. माझ्या करंगळीचं माप तेच निघालं.

आवाजाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. टाइपरायटरवर हात बसलेली माणसं निळ्या स्विचकडे वळतात, कारण तो कटकट वाजतो. पण गोदरेजच्या टाइपरायटरवर आवाज व्हायचा तो दाब संपता संपता, खिळा कागदावर आपटताना. निळ्याची कटकट मात्र वाटेतच होऊन जाते. पिवळा वाटेत गप्प असतो, चार मिलिमीटर उतरून तळाला टेकला की एक भरीव, मऊ 'थक्'. टाइपरायटरची ती जुनी लय मला इथेच सापडली.

रात्री अकरानंतर पिंपळे गुरवच्या डायनासोर गार्डनच्या बाजूची रहदारी विरळ होते. आई पलीकडच्या खोलीत झोपलेली असते. दार उघडं ठेवून मी लिहीत बसतो, आणि तिची झोप मोडत नाही.