कुतूहल आणि विस्मय : एका विज्ञानचित्रपटाचे पुनर्दर्शन

१

कलाकृतीविषयी एकदा दिलेला अभिप्राय टीकाकाराने पुढे बदलू नये, बदलल्यास त्याच्या रसिकतेविषयी संशय घेण्यास जागा होते, अशी समजूत आपल्या वाङ्मयीन व्यवहारात बरीच रूढ आहे. दिलेल्या शब्दास जागणे हा व्यवहारातील सद्गुण खरा. परंतु तो रसास्वादाच्या प्रांतात जसाच्या तसा लागू करता येईल काय, याचा विचार क्वचितच होतो. अभिप्राय हा अनुभवाविषयी असतो. तीच कृती दुसऱ्या वेळी पाहताना अनुभवच निराळा येऊ लागला, तर पहिल्या शब्दाशी एकनिष्ठ राहणे म्हणजे दुसऱ्या अनुभवाशी प्रतारणा करणे होय. यांपैकी कोणती निष्ठा टीकेला शोभते, हा प्रश्न आम्ही येथे एका चित्रपटाच्या आधारे तपासू इच्छितो.

हा चित्रपट म्हणजे स्टॅन्ली कुब्रिक यांनी दिग्दर्शित केलेला ‘२००१ : ए स्पेस ओडिसी’. त्याची पटकथा कुब्रिक व आर्थर सी. क्लार्क या दोघांनी मिळून रचली आणि तिचे मूळ क्लार्क यांच्या १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सेंटिनेल’ या लघुकथेत आहे. चित्रपटाचा पहिला खेळ २ एप्रिल १९६८ रोजी वॉशिंग्टन येथे झाला. न्यूयॉर्कमधील नामांकित समीक्षकांकडून त्याचे जे स्वागत झाले, त्यास स्वागत म्हणणे कठीण आहे. रेनाटा ॲड्लर यांना तो मोहिनी घालणे आणि कमालीचा कंटाळा आणणे या दोहोंच्या मध्ये कोठेतरी घोटाळणारा वाटला. पॉलीन केल यांनी तर त्यात कल्पकतेचाच अभाव आहे, असा निकाल दिला. ‘न्यूजडे’चे जोसेफ गेल्मिस यांनीही प्रथम प्रतिकूल लिहिले, परंतु थोड्याच दिवसांनी त्यांनी तो पुन्हा पाहिला आणि त्याच पत्रात, त्याच महिन्यात, अनुकूल परीक्षण प्रसिद्ध केले. टीकाकाराची ठरीव वर्गवारीच कधी कधी अपूर्व कृतीच्या आड येते, असे त्यांच्या या दुसऱ्या लेखाचे तात्पर्य होते. ‘व्हिलेज व्हॉइस’चे अँड्र्यू सॅरिस यांनीही आपला प्रतिकूल अभिप्राय १९७० साली पुनर्दर्शनानंतर बदलला.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश नियतकालिक दर दहा वर्षांनी जगातील समीक्षकांचा कौल घेते. त्यातील पहिल्या दहा चित्रपटांत ‘२००१’ला १९९२ साली दहावे स्थान मिळाले, २००२, २०१२ आणि २०२२ या तिन्ही वेळी तो सहावा राहिला आणि २०२२ च्या दिग्दर्शकांच्या कौलात तर पहिला आला. म्हणजे काही व्यक्तींना जे पालटण्यास थोडे दिवस लागले, ते समीक्षकवर्गाला पालटण्यास जवळजवळ पाव शतक लागले. आमचाही या चित्रपटाशी पहिला परिचय नावडीचाच होता. पुढे ती नावड टिकली नाही. पण ती का टिकली नाही, हे पाहणे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

२

हेच उदाहरण आम्ही का निवडले, तेही सांगितले पाहिजे. फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) किंवा रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ (१९८२) यांच्याविषयीचीही मते काळाच्या ओघात पालटली. परंतु ‘मेट्रोपोलिस’चे हरवलेले भाग २००८ साली ब्वेनोस आयरेस येथे सापडून २०१० मध्ये तो बव्हंशी पूर्ण स्वरूपात लोकांपुढे आला आणि ‘ब्लेड रनर’ची निराळी संस्करणे १९९२ व २००७ साली निघाली. तेथे पाहणाऱ्याबरोबर पाहिली जाणारी वस्तूही बदलली. ‘२००१’मधूनही कुब्रिक यांनी पहिल्या खेळानंतर सुमारे १९ मिनिटांचा भाग काढून टाकला, हे खरे. तथापि ज्या गोष्टींवर आक्षेप होते, त्या सर्व गोष्टी काटछाटीनंतरही जागच्या जागीच राहिल्या.

हे आक्षेप मुख्यतः तीन होते. एक, चित्रपट असह्य संथ आहे : पहिला शब्द ऐकू येण्यास सुमारे २५ मिनिटे जातात आणि शेवटची वीसाहून अधिक मिनिटे पुन्हा निःशब्द आहेत. दोन, त्यातील माणसे निर्जीव आहेत. त्यांच्या तोंडी आहे ते केवळ औपचारिक बोलणे. तीन, शेवट अगम्य आहे : गुरूच्या परिसरात पोहोचलेला अंतराळवीर बोमन प्रकाशाच्या लोंढ्यातून एका शुभ्र, सजवलेल्या दालनात येतो, तेथे वृद्ध होतो आणि त्याच्या मृत्युशय्येवर एक गर्भस्थ बालक दिसू लागते, या सर्वांचा खुलासा कोणीही करीत नाही.

हे तिन्ही आक्षेप वस्तुस्थितीस धरून आहेत आणि आजचा चाहताही त्यांपैकी एकही नाकारू शकत नाही. मग मत पालटते ते कशाच्या बळावर?

३

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर कुतूहल आणि विस्मय या दोन भावांतील भेदात आहे. कुतूहल पुढे धावते. पुढे काय होणार, हे कसे घडले, याचे उत्तर मिळताच ते शमते. विस्मय थांबवतो; त्याला उत्तराची गरज नसते, किंबहुना उत्तर मिळाल्यानंतरही तो उरतो. भरतमुनींनी अद्भुत रसाचा स्थायीभाव म्हणून विस्मयाची निवड केली, कुतूहलाची नव्हे, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

विज्ञानकथेत हे दोन्ही भाव एकाच दाराने आत येतात. आपल्याकडील विज्ञानकथेची अभिरुची घडवण्यात ज्यांचा वाटा फार मोठा, त्या जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ना. वि. जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. नारळीकरांच्या कथांत अद्भुत घटनेमागील शास्त्रीय तत्त्व वाचकाच्या हाती स्वच्छपणे दिले जाते. तो त्यांचा गुणच आहे. अशा कथांवर पोसलेला मराठी रसिक ‘२००१’पुढे बसतो, तेव्हा त्याच प्रकारच्या खुलाशाची वाट पाहतो. खुलासा येत नाही आणि वाट पाहण्यातच अडीच तास निघून जातात. क्लार्क यांनी याच विषयावरील आपल्या कादंबरीत हा खुलासा दिला आहे. चित्रपटाने तो जाणूनबुजून वगळला आहे.

अभिनवगुप्तांनी ‘अभिनवभारती’त सात रसविघ्ने सांगितली आहेत. त्यांतील पहिले विघ्न संभावनाविरहाचे : जे दाखविले जात आहे ते घडू शकते, असा विश्वासच बसत नाही, तेव्हा रसप्रतीती खुंटते. यावर त्यांनी सुचविलेला उपाय मोठा मार्मिक आहे. अलौकिक पराक्रम दाखवावयाचा असेल तर नायक रामासारखा प्रख्यात घ्यावा. कारण प्रख्यात कथेविषयी प्रेक्षकाच्या मनात विश्वास आधीच रुजलेला असतो. आता विज्ञानचित्रपटाची अडचण पाहा. त्याची कथा नेहमी उत्पाद्य, म्हणजे नव्याने कल्पिलेली असते. म्हणून पहिल्या वेळी प्रेक्षक सारखा तपासनीस होऊन बसतो. हे यान असे चालेल काय? हे यंत्र असे बोलेल काय? ही काळी शिला कोणी ठेवली? दुसऱ्या वेळी मात्र तीच कथा त्या प्रेक्षकापुरती प्रख्यात झालेली असते. शेवट ठाऊक आहे, खुलासा नाही हेही ठाऊक आहे. तपासनीस उठून जातो आणि त्याच्या जागी सहृदय येऊन बसतो.

आपल्या परंपरेला ही गोष्ट नवी नाही. बालगंधर्वांचे नाटक पुनःपुन्हा पाहणाऱ्यांना कथानक तोंडपाठ असे. ज्ञानेश्वरीचे पारायण करणारा पुढील अध्यायात काय आहे, हे जाणण्यासाठी पाने उलटीत नाही. जी रीत आपण पूजनीय ग्रंथांच्या व आवडत्या नाटकांच्या बाबतीत पाळतो, ती नवीन आणि परक्या कृतीच्या वाट्यास मात्र येऊ देत नाही, इतकेच.

४

कुतूहल निवल्यावर काय दिसू लागते, हे आता आक्षेपांच्याच क्रमाने पाहू.

संथपणाचा आक्षेप घ्या. योहान श्ट्राउस यांच्या ‘ब्लू डॅन्यूब’ या वॉल्ट्झच्या सुरांवर यान फिरत्या अंतराळस्थानकाकडे सरकते, तो प्रसंग कथेच्या दृष्टीने एका वाक्याचा आहे. परंतु बड्या ख्यालात बंदिशीच्या शब्दांची वाट पाहत बसणाऱ्याला विलंबित आलापी लांबलेली वाटणारच. आलापीसाठीच बसलेल्याला ती तशी वाटत नाही. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध व समतोल ही लयीची तीन तत्त्वे सांगितली. या चित्रपटाची बांधणी कथानकापेक्षा याच तत्त्वांनी अधिक उलगडते. वानरमानव प्राण्याचे हाड शस्त्र म्हणून वापरण्यास शिकतो, ते आकाशात भिरकावतो, आणि पुढच्याच क्षणी त्या हाडाच्या जागी अंतराळात तरंगणारे यान दिसते. आकारांचा संवाद आणि काळांचा विरोध एकाच निमिषात साधलेला आहे. मानवाचा लक्षावधी वर्षांचा इतिहास मध्ये गाळला आहे, आणि गाळल्यामुळेच तो जाणवतो.

माणसांच्या निर्जीवपणाची गोष्ट तशीच. अंतराळवीर पूल याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे आईवडील पडद्यावर दिसतात आणि तो निर्विकार पडून राहतो. याउलट हॅल हे यंत्र, बोमन त्याची स्मृती एकेक करून काढून घेऊ लागतो तेव्हा, भीती बोलून दाखविते, विनवणी करते आणि शेवटी खोल जाणाऱ्या आवाजात एक जुने गाणे म्हणू लागते. १९६१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एका संगणकाकडून हेच गाणे म्हणवून घेतले गेले होते आणि पुढे क्लार्क यांनी ते स्वतः ऐकले होते. सबंध चित्रपटात करुण रसाचा खरा आलंबनविभाव हे चार माणसांचा जीव घेणारे यंत्रच आहे. माणसे यंत्रवत् झाली आहेत आणि यंत्र मरणाला भिते, हा विरोध ध्यानात आल्यावर निर्जीवपणा हा दोष न राहता विधान ठरतो. यंत्रांशी रोज संभाषण करणाऱ्या आजच्या प्रेक्षकाला तर हा प्रसंग १९६८ च्या प्रेक्षकापेक्षा अधिक जवळचा वाटेल.

काळानेही या चित्रपटावर एक उपकार केला आहे. २००१ हे वर्ष केव्हाच मागे पडले. चित्रपटात अंतराळयाने चालविणारी पॅन ॲम ही विमानकंपनी प्रत्यक्षात १९९१ सालीच बंद पडली. भाकीत म्हणून या कृतीचा हिशेब मिटला आहे. उरली आहे ती केवळ कलाकृती.

५

कृती तीच राहून तिचे वाचन बदलते, याचे एक उदाहरण जैनथच्या आसपासच्या मराठी वाचकास घराजवळच मिळेल. आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे वसलेल्या या गावचे लक्ष्मीनारायणाचे काळ्या पाषाणातील मंदिर प्रसिद्ध आहे. वर्षातील काही ठराविक दिवसांत सकाळचे सूर्यकिरण मूर्तीच्या चरणांवर पडतात, म्हणून भाविकांची तेथे गर्दी होते. मंदिर पल्लवांनी बांधले, असे सांगण्याचा प्रघात आहे. परंतु जैनथच्या शिलालेखाचे अभ्यासकांनी वाचन केले तेव्हा परमार उदयादित्याचा पुत्र जगद्देव, त्याचा अधिकारी लोलार्क आणि लोलार्काची पत्नी पद्मावती यांची नावे पुढे आली. पद्मावतीने निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे, मंदिर उभारल्याचा त्यात निर्देश आहे. हे कळल्यावर चरणांवरील त्या किरणांकडे पाहणाऱ्याची दृष्टी पूर्वीची राहील काय? दगडावरील एकही अक्षर या काळात बदललेले नाही.

हा दृष्टांत एका मर्यादेपर्यंतच घ्यावयाचा आहे, हे आम्ही जाणतो. शिलालेखाच्या दुसऱ्या वाचनात नवी माहिती हाती येते. चित्रपटाच्या दुसऱ्या दर्शनात बहुधा जुन्या माहितीचे ओझे उतरते. परंतु दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे : वस्तूपुढे पुन्हा जाऊन उभे राहावे लागते. या सीमाभागात घरात मराठी आणि शाळा-कचेरीत तेलुगू अशी वहिवाट असल्यामुळे मराठी पुस्तकास किंवा नाटकास एक वाचन लाभले तरी पुष्कळ, अशी स्थिती आहे. म्हणून येथे पहिल्या नावडीचे मोल फार जड पडते. एकदा बाजूला पडलेली कृती कायमचीच बाजूला पडते.

६

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. मत पालटणे म्हणजे पुष्कळदा कीर्तीपुढे मान तुकविणे असते. जगाने थोर ठरविल्यावर आपणांसही थोरपणा दिसू लागतो. गतानुगतिकतेपासून खरे मतांतर वेगळे कसे ओळखावे?

आम्ही एक कसोटी सुचवितो. पहिल्या मताने ज्या वस्तुस्थितीवर बोट ठेवले होते, ती वस्तुस्थिती नव्या मताने पत्करली पाहिजे आणि तिचा अधिक चांगला अर्थ लावून दाखविला पाहिजे. संथपणा दिसेनासा झाला, असे जो म्हणेल त्याचे मतांतर संशयास्पद समजावे. संथपणा लयीचा भाग आहे, असे जो दृश्यांच्या आधारे दाखवील त्याचे विचारार्ह मानावे. शिवाय अर्थ न लागणारा अवशेषही प्रांजळपणे मांडला पाहिजे. चंद्रावरील अधिकाऱ्यांच्या सभेचा प्रसंग दहा वेळा पाहूनही आम्हांस रुक्षच वाटतो. भविष्यातील स्त्रीला सेविका, स्वागतिका किंवा क्षणभर भेटणारी शास्त्रज्ञ यांपलीकडे भूमिका देण्याइतकी या चित्रपटाची कल्पनाशक्ती पोहोचत नाही, हे व्यंगही तसेच उरते. आणि भव्य पडद्यासाठी घडविलेली ही कृती तळहाताएवढ्या पडद्यावर पाहून नावडली, तर त्या नावडीत पडद्याचा वाटा किती, हेही मोजावे लागेल.

विज्ञानचित्रपटाची खरी परीक्षा पुनर्दर्शनातच होते, असा आमचा निष्कर्ष आहे. ज्यात केवळ कुतूहल आहे तो दुसऱ्या वेळी रिकामा निघतो; ज्यात विस्मय आहे तो दुसऱ्या वेळीच भरू लागतो. पहिला अभिप्राय हा कृतीशी झालेल्या भेटीचा वृत्तांत असतो, आणि वृत्तांत म्हणून तो जपून ठेवावा. परंतु निर्णय ही पदवी त्यास लगेच देऊ नये. गेल्मिस यांनी आपले दुसरे परीक्षण पहिल्याच्याच पत्रात, पहिले लोकांच्या स्मरणात ताजे असताना छापले. आपल्या नियतकालिकांनीही पूर्वी नापसंत केलेल्या पुस्तकांसाठी वर्षाकाठी चार पाने राखून ठेवली, तर मराठी टीकेचे त्यात काही उणे होणार नाही.