एक किनारा, दोन साक्षी

१६ जून २०११ रोजी नॉर्वेच्या एनआरके या दूरचित्रवाणी संस्थेने बर्गनहून किर्केनेसकडे निघालेल्या किनारी जहाजाचा प्रवास सलग १३४ तास थेट दाखविला. उन्हाळा असला, तरी त्या किनाऱ्यावरील हवामानाचा भरवसा नसतो. ऊन, धुके, पाऊस जसे येतील तसे दाखविणे एवढेच निर्मात्यांच्या हाती होते. हेच या कृतीचे बळ होय, असे आम्हांस वाटते. प्रवासवर्णनकार पावसाळी दिवस गाळतो आणि मध्यरात्रीचा सूर्य तेवढा जपून ठेवतो. येथे ती सोय नव्हती.

तरीही एक उणीव आम्हांस जाणवते. हे जहाज ‘सात बहिणी’ या शिखरांजवळून जाते. तेथेच आल्स्ताहाउग येथे पेत्तर दास (१६४७-१७०७) हे लूथरपंथी पाळक राहत. त्यांच्या मृत्यूनंतर, १७३९ साली, प्रसिद्ध झालेल्या ‘नूरलानचा कर्णा’ या दीर्घकाव्यात हाच किनारा आहे. परंतु तेथे वारा फिरला की होड्या उलटतात, माणसे बुडतात. कॅमेऱ्याला वादळ हे केवळ दृश्य आहे. पाळकाला ते आपल्या कळपावरील संकट वाटते. कॅमेऱ्यापाशी धीर आहे, पण बुडणाऱ्याचे नाव त्याला ठाऊक नाही.

दास निवर्तल्यावर तेथील दर्यावर्दी कित्येक वर्षे शिडांवर काळे कापड लावीत, असे परंपरा सांगते. १३४ तासांच्या त्या चित्रणास असा शोक कधी लाभेल, असे आम्हांस वाटत नाही.