यंत्रमानवाच्या कथा जुन्या झाल्या काय?

'यंत्रमानवाच्या कथा मुलांना आता कशाला वाचायला द्यायच्या? खरी यंत्रेच त्यांच्याशी बोलू लागली आहेत!' असे शिक्षकांकडून आम्ही अनेकदा ऐकतो. आक्षेप रास्त आहे. म्हणून या प्रकारातील एक नामवंत कथा आम्ही पुन्हा वाचून पाहिली.

'रोबो' हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या 'आर. यू. आर.' या नाटकातला. वेठ या अर्थाच्या चेक शब्दावरून घडलेला. तिथले रोबो माणसांवर उलटतात. आयझॅक आसिमॉव यांना हा साचा नको होता. मार्च १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रनअराउंड' या कथेत त्यांनी यंत्रमानवासाठी तीन नियम मांडले. माणसाला इजा करायची नाही आणि स्वस्थ बसून ती होऊही द्यायची नाही, हा पहिला. त्याला बाधा न आणता माणसाची आज्ञा पाळायची, हा दुसरा. या दोहोंना बाधा न आणता स्वतःला जपायचे, हा तिसरा.

कथा बुध ग्रहावर घडते. स्पीडी नावाच्या यंत्रमानवाला सेलेनियम आणायला पाठवलेले असते. तो महागडा, म्हणून त्याचा तिसरा नियम मुद्दाम बळकट केलेला; आज्ञा मात्र सहज, जोर न देता दिलेली. सेलेनियमजवळ धोका असतो. जवळ गेला की तिसरा नियम त्याला मागे रेटतो, दूर आला की दुसरा पुढे ओढतो. दोन्ही समान होतात त्या अंतरावर तो घिरट्या घालत राहतो. समतोल शिकवायला याहून चांगले उदाहरण कोठे मिळणार?

जुने झालेले पुष्कळ आहे. कथेचा काळ २०१५ सालचा. प्रत्यक्षात त्या वर्षी बुधाच्या पृष्ठभागावर पोहोचले ते इंधन संपून आदळलेले 'मेसेंजर' यान. पॉवेल आणि डोनोव्हन माणसे म्हणून मनात ठसत नाहीत. पण मोठी उणीव वेगळीच आहे. भूमितीत गृहीतकांवरून प्रमेय सिद्ध करावे, तसा ते तीन नियमांवरून घोटाळा उलगडतात. आजचे बोलणारे प्रोग्रॅम प्रचंड मजकुरावरून शिकतात. त्यांना सूचना देता येतात. पण जे शिकले ते अब्जावधी संख्यांत विखुरलेले असते. तिथे नियमावर बोट ठेवता येत नाही. या बाबतीत कथा खोटा दिलासा देते.

तरीही आम्ही ती टाकाऊ मानत नाही. स्पीडी बिघडलेला नव्हताच. चुकला होता आज्ञा देणारा. त्या सेलेनियमवर माणसांचे प्राण अवलंबून आहेत, हे डोनोव्हनने त्याला सांगितलेच नव्हते.

कथा वाचून झाल्यावर मुलांना डोनोव्हनची आज्ञा नव्याने लिहायला सांगावी. मग विचारावे: आज्ञा नीट दिली, तरी यंत्राला ती तशीच समजली हे कशावरून? पहिल्याचे उत्तर कथेत सापडते. दुसऱ्यावर आज प्रयोगशाळांत काम चालू आहे.