कृपादानांचे सातत्य : शास्त्रवचन आणि अनुभव यांच्या प्रामाण्याचा प्रश्न

प्रस्तावना :
अन्य भाषांत बोलणे, संदेश देणे, रोग बरे करणे ही पवित्र आत्म्याची कृपादाने प्रेषितांच्या काळाबरोबर संपली की आजही चालू आहेत, हा ख्रिस्ती ईश्वरविद्येतील वादाचा विषय आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमधील १९०५ च्या जागृतीच्या संदर्भात या वादाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शास्त्राधारित नकार :
प्रिन्स्टनचे बी. बी. वॉरफिल्ड यांनी ‘काउंटरफीट मिरॅकल्स’ (१९१८) या ग्रंथात चमत्कारदाने ही प्रेषितांच्या अधिकाराची साक्ष होती व त्यांच्याबरोबर ती लोपली, असे प्रतिपादन केले. भोंदू चमत्कारांना आळा घालणे हे या भूमिकेचे बळ होय. परंतु करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात कृपादानांचे प्रयोजन मंडळीचे सामाईक हित असे सांगितले आहे. ते केवळ अधिकारसिद्धीपुरते मर्यादित नाही. १३ व्या अध्यायात दाने नाहीशी होण्याचा काळ ‘पूर्णत्व’ येण्याशी जोडला आहे. काही भाष्यकार हे पूर्णत्व म्हणजे नव्या कराराची पूर्तता मानतात. तथापि तेथेच समोरासमोर पाहण्याचा उल्लेख असल्याने हा अर्थ ओढूनताणून लावलेला वाटतो.

अनुभवाची साक्ष :
जून १९०५ मध्ये मुक्तीतील मुली व स्त्रिया पश्चात्ताप आणि प्रार्थनेने भारावून गेल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीट येथील १९०६ च्या सभांपूर्वीची ही घटना आहे. तेथील सहकारी मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. ती पुढे चिलीतील मिशनरी विलिस हूव्हर यांच्यापर्यंत पोहोचली आणि १९०९ च्या तेथील जागृतीस प्रेरक ठरली. ज्यांना समाजात बोलण्याचा अधिकार नव्हता अशा स्त्रियांना येथे वाणी लाभली. त्यांची साक्ष केवळ भावनातिरेक म्हणून फेटाळणे म्हणजे त्यांचे मौन पुन्हा लादणे होय. मात्र अनुभवाची उत्कटता हा त्याच्या सत्यतेचा पुरावा नव्हे, हेही तितकेच खरे.

समन्वयाची दिशा :
या बाबतीत पंडिता रमाबाईंची भूमिका उद्बोधक आहे. त्यांनी जागृतीचे समर्थन केले; पण अन्य भाषा बोलणे हेच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे अनिवार्य चिन्ह मानले नाही. त्याच रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात गढलेल्या होत्या. त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, ते संपूर्ण प्रसिद्ध झाले. अनुभव स्वीकारणारी व्यक्तीच शब्दाचा काटेकोर शोध घेत होती, हे लक्षणीय आहे.

निष्कर्ष :
कृपादाने संपली असे शास्त्रवचनातून निर्विवादपणे सिद्ध होत नाही. आणि प्रत्येक दावा खरा आहे असे अनुभवातून सिद्ध होत नाही. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात आत्म्याला न विझविण्याचा आणि सर्व गोष्टींची पारख करण्याचा असे दोन्ही आदेश लागोपाठ येतात. त्यांपैकी एकच पाळला तर एकीकडे कोरडे पांडित्य उरते, तर दुसरीकडे दुर्बल भाविकांची फसवणूक होते. म्हणून अनुभवास साक्षीचे आणि शास्त्रवचनास निर्णयाचे स्थान देणे हेच प्रस्तुत लेखकास न्याय्य वाटते.