पीक गेलं कुठे? सस्कॅचेवानच्या शेतीची एक अर्धवट गोष्ट

समजा, शेजारी शेजारी दोन शेतकरी आहेत. माती तीच, पाऊस तोच. एकाला हवं ते यंत्र विकत घ्यायची मुभा आहे. दुसऱ्याला सरकारचा हुकूम आहे की विळ्यानेच कापायचं, काठीने झोडपूनच मळायचं आणि धान्य विकायचं तर आधी साहेबाची चिठ्ठी आणायची. दहा वर्षांनी कोणी दोघांचं पीक मोजलं आणि म्हणालं, ‘दुसऱ्याच्या रक्तातच शेती नाही.’ तर तुम्ही काय म्हणाल?

तुम्ही म्हणाल, ही तुलनाच खोटी आहे. बरोबर. पण कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताच्या इतिहासात हीच तुलना कित्येक दशकं बिनदिक्कत चालली. क्री, सोटो, असिनिबोइन हे लोक मूळचे शिकारी, भटके, म्हणून त्यांना शेती जमली नाही, असं सांगितलं जायचं. इतिहासकार सारा कार्टर यांचं ‘लॉस्ट हार्वेस्ट्स’ हे १९९० चं पुस्तक या समजुतीची उलटतपासणी करतं. माझा विषय इतिहास नाही, मी दुष्काळाच्या आकडेवारीवर काम करते. तरीही हे पुस्तक आमच्या विज्ञानवाल्यांनी वाचायला हवं असं मला वाटतं. का, ते सांगते. आणि पुस्तक कुठे कमी पडतं तेही सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८७४ मध्ये कापेल इथे ‘करार क्रमांक ४’ झाला आणि आजच्या दक्षिण सस्कॅचेवानचा मोठा भाग त्यात आला. बदल्यात पाच माणसांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल राखीव जमीन, शेती करणाऱ्या कुटुंबाला दोन खोरी, एक फावडं, एक विळा, एक कुऱ्हाड आणि दहा कुटुंबांत मिळून एक नांगर असं ठरलं. शिवाय बियाणंही होतं. मात्र अट अशी की अवजारं जो आधीच जमीन कसतो आहे त्यालाच. गंमत बघा, नांगर नाही म्हणून जमीन मोडता येत नाही आणि जमीन मोडलेली नाही म्हणून नांगर नाही. तेवढ्यात १८७९ च्या सुमारास कॅनडाच्या गवताळ प्रदेशातून बायसनचे कळप जवळजवळ संपले. म्हणजे शेती हा आता छंद नव्हता, पोटाचा प्रश्न होता.

पुस्तकाचा पहिला धक्का इथे आहे. कार्टर दाखवतात की शेतीची मागणी या लोकांकडूनच येत होती. करार होताना त्यांचे पुढारी अवजारं आणि जनावरं मागत होते, पुढे ती वेळेवर मिळाली नाहीत म्हणून तक्रारी करत होते. ‘त्यांना शेती नकोच होती’ हे गृहीतक सरकारी कागदांनीच खोटं पडतं.

दुसरा धक्का जास्त मोठा आहे. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही राखीव क्षेत्रांतले शेतकरी पैसे एकत्र करून कापणीची यंत्रं घेऊ लागले होते, त्यांचं धान्य आणि गवत बाजारात येऊ लागलं होतं. बॅटलफर्डच्या गोऱ्या वसाहतकऱ्यांनी १८८८ मध्ये तक्रार केली की ही स्पर्धा आम्हाला परवडत नाही. पुढच्याच वर्षी कमिशनर हेटर रीड यांनी नवं धोरण आणलं. तत्त्व असं की माणूस रानटी अवस्थेतून एकदम यंत्रयुगात जाऊ शकत नाही, मधली ‘गरीब कुळवाड्याची’ पायरी त्याने चढलीच पाहिजे. म्हणून पेरणी फोकून, कापणी विळ्याने, पेंढ्या हाताने बांधायच्या, मळणी झोडपून आणि दळण हातजात्यावर!

इथे जरा हवामान लक्षात घ्या. सस्कॅचेवानमध्ये हंगाम लहान असतो. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये गोठवणारी थंडी पडली की उभा गहू गेला. यंत्राने काही दिवसांत होणारी कापणी हाताने करायची म्हणजे पिकाचा काही भाग शेतातच सोडायचा. स्थानिक सरकारी एजंटही हे वर कळवत होते. रीड १८९७ मध्ये पदावरून जाईपर्यंत धोरण चालू राहिलं.

त्यावर परवान्याची साखळी होती. धान्य विकायला परवाना लागेल ही तरतूद १८८१ मध्ये कायद्यात आली आणि ती कागदावरून पुसली गेली थेट २०१४ मध्ये. १८८५ च्या उठावानंतर राखीव क्षेत्राबाहेर जायलाही पास लागू लागला, आणि त्याला तर कायद्याचा आधारच नव्हता. (आपल्याला इथे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवतो. साम्राज्य एकच होतं, पण तुलना नीट करायची तर स्वतंत्र लेख लागेल.)

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात की दोन गटांत फरक दिसला तर आधी विचारा, या गटांमध्ये आणखी काय काय वेगळं होतं? ‘संस्कृती’ हे कारण लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न विचारलाच नाही. भांडवल, यंत्र, बाजार, हिंडण्याची मोकळीक हे सगळे घटक वगळून उरलेल्या फरकाला त्यांनी ‘स्वभाव’ असं नाव दिलं. दुसरी चूक तुलनेच्या काळाची. १८८० च्या दशकात दुष्काळ आणि थंडीने गोरे वसाहतकरीही हैराण होते, पुष्कळांनी १० डॉलर भरून घेतलेली १६० एकर जमीन सोडून दिली. त्यांच्या अपयशाला मात्र कोणी ‘रक्त’ हे कारण दिलं नाही. लवकर पिकणारा मार्क्विस गहू तर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आला.

आणि सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. जमीन कमी कसली गेली, मग ती ‘पडीक’ ठरली, मग ‘वापरत नाहीत तर द्या सोडून’ असा दबाव आला. फेझंट रम्प आणि ओशन मॅन या राखीव क्षेत्रांची जमीन १९०१ मध्ये अशीच गेली. धोरणाचा परिणाम हाच धोरणाचा पुरावा झाला. आकडे खरे होते, निष्कर्ष खोटा होता. मला सगळ्यात जास्त बोचलं ते हे.

आता तक्रारी. एक, पुस्तकाचा बहुतेक पुरावा सरकारी दफ्तरातला आहे. ज्यांची गोष्ट आहे त्यांचा आवाज एजंटच्या लेखणीतून गाळून येतो. कार्टर दोन ओळींच्या मधलं वाचतात, चांगलं वाचतात, पण तरी ते दुसऱ्याच्या हस्ताक्षरातलंच राहतं. दोन, हवामान इथे पार्श्वभूमीला आहे. कोणत्या वर्षी नुकसान थंडीने झालं, कोणत्या वर्षी पावसाअभावी आणि कितीचं कारण निव्वळ विळा होता, हे वेगळं काढायचा प्रयत्न होत नाही. युक्तिवाद याने कोसळत नाही. पण ‘धोरणामुळे’ या शब्दाचं वजन किती, ते कळत नाही. झाडांच्या वर्तुळांवरून जुन्या दुष्काळांचा अंदाज बांधणाऱ्या कोणी हा प्रश्न उचलला तर काम चांगलं होईल.

हे सगळं जुनं वाटत असेल, तर एक गोष्ट सांगते. करारात कबूल केलेली अवजारं आणि जनावरं मिळालीच नाहीत, या दाव्यांवर कॅनडा सरकार अलीकडच्या वर्षांत फर्स्ट नेशन्सशी तडजोडी करून भरपाई देतं आहे. लोक त्यांना ‘काऊज अँड प्लाऊज’ म्हणजे गायी-नांगरांचे दावे म्हणतात. शंभराहून जास्त वर्षांनी का होईना, हिशेब निघाला.

म्हणून पुढच्या वेळी ‘अमुक समाजाला शेती जमत नाही’, ‘तमुक विभाग मागासच’ असं कुठे वाचलंत, तर आलेख बघायच्या आधी एवढंच विचारा: त्यांच्या हातात विळा कोणी दिला होता, आणि यंत्र कोणी काढून घेतलं होतं?